डिसेंबरात मिरचीचं बी रुजेना, गोव्यात हीट मॅट घ्यायची का?

सत्तरीची_परसबाग (२४ डिसेंबर)
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, हसू नका. आम्ही वाळपईपासून जरा आत राहतो. जुनं मातीच्या भिंतींचं घर, भोवती माडपोफळी, ऊन अंगणात उतरायलाच दहा वाजतात. ८ तारखेला तीन ट्रे भरले, कोकोपीट आणि गांडूळखत अर्धं अर्धं. एकात पाकिटातली ढोबळी मिरची, एकात टोमॅटो, एकात खोला मिरची (नणंदेनं दिलेलं बी, तिच्या घरचं). प्रत्येकी २४ खळगे. आज सोळा दिवस झाले. टोमॅटोचे कसेबसे पाच वर आले, मिरचीचा दोन्हीकडे भोपळा.

काल राहवेना म्हणून काडीनं ढोबळीचं एक बी उकरून काढलं. फुगलेलं होतं, नखानं दाबलं तर आत पांढरंशुभ्र, वासबीस काही नाही. म्हणजे सडलेलं नाही, नुसतं झोपलंय. व्हिडिओत एक बाई ट्रेखाली विजेची गरम चटई घालते आणि आठ दिवसांत सगळं हिरवं. ऑनलाईन बघितली तर १८०० रुपये. नवरा म्हणतो गोव्यात गरम चटई, मे महिन्यात तुला फुकट देतो. खरंच लागते का हो कुणाला? कुणी वापरलीय का?

टेरेसवाला_पणजी
गोव्यात हीट मॅट 😂 मग फ्रीज विकून टाका ताई, कपाटातच बर्फ होईल. मी इथे डिसेंबरात पंखा पाचावर लावून झोपतो.

म्हापशाचा_बाजारी
शुक्रवारच्या बाजारात या ना. पहाटे लवकर आलात तर मिरचीच्या, वांग्याच्या रोपांच्या जुड्या मिळतात. एवढं बी उकरत बसण्यापेक्षा पन्नास रुपयांत काम फत्ते.

सत्तरीची_परसबाग
@बाजारी दादा, गेल्या वर्षी तसंच आणलं होतं. खोला म्हणून दिलं आणि लागली कसलीतरी जाडी बुटकी मिरची, रंग नाही आणि तिखटही नाही. म्हणून तर घरचं बी.

कुळागरी_केरी
पणजीवाल्यांनी हसायचं काम नाही. समुद्रकाठची थंडी वेगळी आणि आमची घाटाखालची वेगळी. पहाटे पाचला माझ्या परसातल्या थर्मामीटरवर गेल्या आठवड्यात १६ बघितलेत, दुपारी तोच ३२ दाखवतो. दुपारचं ऊन लक्षात राहतं म्हणून लोक म्हणतात गोव्यात कुठली आलीय थंडी.

पण ताई, मुद्दा हवेचा नाहीच, मातीचा आहे. ओल्या कोकोपीटमधून पाणी उडतं आणि उडताना थंड करत जातं, माठात होतं तेच. खोलीत २२ असतील तर ट्रेमध्ये १९-२० सुद्धा भरत नाहीत. आणि मिरची या बाबतीत फार हट्टी. जमीन २५ ते ३० असली की आठ-नऊ दिवसांत वर येते. २० ला तेरा-चौदा दिवस. १५ ला पंचवीस दिवस धरा, तोपर्यंत अर्ध्या बियांना बुरशी लागते. टोमॅटो त्या मानानं गुणी, २० ला सुद्धा आठवड्यात दिसतो, म्हणून तुमचे पाच आले.

ट्रे नक्की कुठं ठेवलेत ते सांगा. आणि पाणी कुठलं घालता?

सत्तरीची_परसबाग
मागच्या खोलीत, जमिनीवर. मोझॅकची लादी आहे, अनवाणी उभं राहवत नाही सकाळची. पाणी विहिरीचं, सकाळ-संध्याकाळ. वरून पंखा चालू असतो कारण मुलगा तिथं अभ्यासाला बसतो. लिहिता लिहिताच कळतंय मला 🙈

कुळागरी_केरी
माठ, लादी आणि पंखा. ताई तुम्ही बियांना एसीत ठेवलंय.

साळकफूल
फ्रीजच्या डोक्यावर ठेव गं. माझी आई पंचवीस वर्षं तिथंच मटकीला मोड आणते. मीही टोमॅटोची रोपं तिथंच केली, पाचव्या दिवशी वर.

आयटीतला_पात्रांव
फ्रीजचा सल्ला सगळीकडे मिळतो पण तो जुन्या फ्रीजचा आहे. जुन्यांना मागं काळी जाळी असायची, तिची ऊब वर यायची. नव्यांची कॉईल बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणजे कुशी गरम आणि डोकं थंड. मी आठवडाभर वर ट्रे ठेवला, दार आपटलं की सगळ्या बिया नाचून एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या, एवढंच झालं. शेवटी वायफायच्या राऊटरवर एक छोटा डबा ठेवला, तिथं मात्र रुजलं. बायकोनं विचारलं नेट का स्लो आहे तर म्हटलं भेंडी डाउनलोड होतेय.

साळकफूल
आमचा जुनाच आहे मग, लग्नातला 😄

फणसपोळी
मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ट्रे ठेवला होता, काहीच फरक नाही पडला. नऊ वॅटचा घेतला मुद्दाम, चांगल्या प्रतीचा.

आयटीतला_पात्रांव
एलईडी होता का?

फणसपोळी
हो.

आयटीतला_पात्रांव
😶

कोंबडीवाला_फोंडा
@फणसपोळी ताई, बियांना अभ्यास करायचा नव्हता हो. जुना पिवळा तारेचा बल्ब पाहिजे, तो खातो ती जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच जाते. एलईडीचं कामच ते टाळायचं.

आमच्याकडे पिल्लं आणली की पहिला आठवडा पेटीत ३३ ते ३५ डिग्री ठेवावं लागतं. पेटी रिकामी असली की बायको त्यातच वांग्याची रोपं करते. एक ४० चा बल्ब, पण ट्रेपासून दोन वीत लांब आणि पेटीचं झाकण थोडं उघडं. पिल्लाला चालते ती ऊब बियाला जास्त होते, मिरचीचं ३५ च्या वर उलट बिघडतं. आणि बल्ब कागदाला, थर्माकोलला लागू देऊ नका, वास येईपर्यंत कळत नाही. मला एकदा कळलं नव्हतं. पिल्लं वाचली, पेटी गेली.

बिबीची_नात
हे सगळं वाचून आजीची आठवण झाली. आमचं घर सांग्याच्या आतल्या भागात. न्हाणीत तांब्याचा मोठा भाण, खाली चूल, त्यात नारळाची सोडणं (वरची सालं) आणि माडाची सुकी चुडतं (झावळ्या) सारली की दिवसभर धुमसत राहायचं. भाणातलं पाणी रात्री दहालाही कोमट असायचं. त्या चुलीच्या कट्ट्यावर एक जागा होती, तिथं मांजर बसायचं. आजी काय करायची तर मांजराला उठवायची आणि त्या जागेवर करट्यांची, म्हणजे नारळाच्या करवंट्यांची, रांग लावायची. करट्यांत राख-माती-शेणखत, त्यात मिरची, वांगी. वर केळीचं पान. मांजर बसतं तिथं बी रुजतं असं तिचं म्हणणं, आणि खरंच, मांजरापेक्षा चांगला थर्मामीटर कुठला. फार गरम जागी ते बसत नाही, थंड जागीही बसत नाही.

आणि पान रोज सकाळी उचलून बघायची. एका जरी करटीत बाकदार हिरवं दिसलं की सगळी रांग उचलून बाहेर तुळशीजवळ. मी विचारायचे अजून बाकीची आली नाहीत की गं, तर म्हणायची आल्यावर ऊब नको, उजेड पाहिजे.

तिचं बी पण कसं, तवशाच्या (काकडीच्या) बिया राखेत घोळून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवायची, मिरच्या चुलीवर धुरात टांगायची. आता भिंतीला ऑइलपेंट आणि धूर कुठला.

सत्तरीची_परसबाग
@बिबीची_नात अगं आमच्या न्हाणीत भाण आहे! सासूबाई अजून रोज पेटवतात, गिझर असून. मी सोळा दिवस तिथून येजा करतेय आणि डोक्यात आलं नाही.

खाजनकार
मिरची वगैरे बायकांचं खातं, पण ऊब म्हणाल तर भाताएवढी कुणाला कळत नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, पेरायला कोरगूट (आमचं खारं पाणी सोसणारं भात) मोड आणूनच टाकावं लागतं. बी पोत्यात भरून एक दिवसरात्र पाण्यात बुडवायचं, मग बाहेर काढून निथळवायचं, पोत्यावर पेंढा आणि त्यावर धोंडे. बाहेरून काडीची ऊब द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी पोत्यात हात घाला, भाकरीच्या पिठाला कढत पाणी घातल्यावर लागतं तसं गरम. ते भात स्वतःच श्वास घेऊन तापवतं. फार तापलं तर पोतं उघडून पाणी शिंपडायचं आणि हलवायचं, नाहीतर आंबट वास येतो, मग ते बी गेलं.

तांबडीभाजी
@खाजनकार बाब, "बायकांचं खातं" म्हणालात त्याची नोंद घेतली आहे. तुमच्या खाजनात लावणीला कोण वाकतं तेही सांगा.

खाजनकार
माफी असावी. घरातही आत्ताच तेच ऐकून आलो.

म्हापशाचा_बाजारी
मग मिरचीचं बी पोत्यात का नाही तापत?

कुळागरी_केरी
कारण तुमच्याकडे मिरचीचं बी चमचाभर असतं आणि त्यांच्याकडे भात मणानं. तापायला ढीग लागतो. ताज्या शेणाचा खड्डा तापतो तोही तसाच. आमचे वडील हातभर खोल खड्ड्यात ताजं शेण आणि पालापाचोळा भरून वर चार बोटं माती घालायचे आणि त्यावर गादीवाफा. पहिला आठवडा काही पेरायचं नाही, आत हात घालवत नाही एवढं तापतं. मग जरा उतरलं की पेरायचं. पंधरा दिवस फुकट हीट मॅट. आता शेण ताजं मिळालं तर.

फणसपोळी
कोरगुटाचा विषय निघालाच आहे तर उकडा कोरगूट चांगल्या प्रतीचा कुठं मिळतो सध्या? पेजेला.

तांबडीभाजी
झालं, आता दोन दिवस तांदूळ. (दिवाडी बेटावर ओळख असेल तर बघा, बाजारात भेसळ असते.)

मिसिसागाची_गोंयकान्न
मी हीट मॅट वापरते, सहा वर्षं झाली, म्हणून लिहिते. आमच्याकडे कॅनडात मे अर्धा होईपर्यंत बाहेर हिमाची भीती असते आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात थंडी. मिरची लावायची तर मार्चमध्ये घरात बी टाकावंच लागतं, आणि बेसमेंटमध्ये तेव्हा १६-१७ असतात. तिथं मॅट नसेल तर तांबडी भाजी पण नाही.

मॅट म्हणजे रबरी पातळ चटई, एका ट्रेची साधारण २० वॅटची. दिवसरात्र चालू ठेवली तर अर्धा युनिट. ती स्वतः तापमान ठरवत नाही, खोलीपेक्षा पाच ते दहा डिग्री वर नेते एवढंच. हे नीट वाचा, कारण गोव्यात पहाटे १८ चे २६ झाले तर सोनं, पण दुपारी ३१ चे ३९ झाले तर बी शिजलं. घेतलीच तर मातीत खुपसायचा सेन्सर असलेला थर्मोस्टॅट सोबत घ्यावा लागेल, म्हणजे अजून पैसे. तुमच्यासाठी मी म्हणेन नको.

आणि बिबीच्या नातीची आजी म्हणाली ते सोळा आणे. पहिल्या वर्षी सगळी बी येऊ देत म्हणून मी मॅट चालू ठेवली, खिडकीत उजेड कमी. चार दिवसांत रोपं वीतभर उंच, दोऱ्यासारखी, आणि पाचव्या दिवशी सगळी माना टाकून. आजीला न विचारता १२० डॉलर घालवले.

टेरेसवाला_पणजी
बरं, हसलो त्याबद्दल ताईंना सॉरी. आता माझी पण एक अडचण आहे, हसू नका. माझं लेट्यूस रुजत नाही. तीन वेळा टाकलं, बी महागाचं. गच्चीत मस्त ऊब आहे, वर काळी शेडनेट. मिरची माझी आठ दिवसांत येते आणि लेट्यूस शून्य. त्याला अजून ऊब द्यायची का?

कुळागरी_केरी
हाहाहा. थांबा, मला जरा हसून घेऊ द्या.

लेट्यूसला ऊब नको, थंडी पाहिजे. माती तीसच्या आसपास गेली की ते बी ओलं असूनही झोपून जातं. ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून डब्यात घाला आणि दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा, खालच्या भाजीच्या कप्प्यात. मग संध्याकाळी सावलीत पेरा, वर माती जवळजवळ नकोच, त्याला थोडा उजेड लागतो.

सत्तरीची_परसबाग
@टेरेसवाला फ्रीज विकला नाहीत ना अजून? 😁

टेरेसवाला_पणजी
🙏🙏

काणकोणचो_म्हातारो
उशिरा वाचलं. खोला मिरचीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या खोला गावात ती डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर होते. पावसाच्या तोंडाला रोपं तयार पाहिजेत, म्हणून बी मे महिन्यात टाकायचं. मे मध्ये अंगणातल्या मातीला हात लावून बघा, तेव्हा सगळा गोवाच तुमची ती चटई असतो. ह्या बियाला डिसेंबरात रुजवायची कुणी सवयच लावली नाही. वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हिवाळी पिकाला, दुसऱ्या मिरच्या आहेत, पेडण्याकडे हरमलची करतात. आणि वायंगणाची रोपं सुद्धा भात कापणीच्या आसपास टाकतात, दसरा-दिवाळीत, जमिनीत ऊब असते तोवर. तुम्ही तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर जाग्या झालात.

राग मानू नका. पण १८०० रुपयांत मिळते ती ऊब कॅलेंडरात फुकट असते.

सत्तरीची_परसबाग
राग कसला काका. खरंय, नोव्हेंबरभर नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, बी तेव्हाच हातात आलं. पण आता ट्रे भरलेत तर फेकवत नाही. खोला थोडं मेसाठी राखून ठेवते.

काणकोणचो_म्हातारो
राखताना प्लॅस्टिक पिशवीत नको. इथल्या दमट हवेत बी घामेजतं. वाळवून काचेच्या बाटलीत, तळाला सुकी राख किंवा भाजलेले तांदूळ, घट्ट बूच. मिरचीचं बी दोन वर्षांच्या वर धरू नका.

साळकफूल
एक विचारायचं राहिलं, रोपं वर आल्यावर बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात ते कशानं? थंडीनं?

कुळागरी_केरी
थंडी आणि ओल दोन्ही जमले की ती बुरशी येते, मर म्हणतात त्याला. सकाळी एकदाच पाणी, तेही खालच्या ताटलीत, वरून शिंपडायचं नाही. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. विहिरीचं पाणी तासभर उन्हात ठेवून मग घाला.

सत्तरीची_परसबाग (५ जानेवारी)
मंडळी, हिशेब द्यायला आले.

२६ तारखेला तिन्ही ट्रे कात्रीनं मधोमध कापले, बारा बारा खळग्यांचे तुकडे झाले. एक अर्धं जिथं होतं तिथंच, लादीवर पंख्याखाली (मुलगा म्हणाला, प्रयोग आहे तर नीट कर). दुसरं अर्धं न्हाणीत भाणाच्या कट्ट्यावर, खाली एक फळकूट, वर केळीचं पान. स्वयंपाकघरातला साखरेच्या पाकाचा थर्मामीटर मातीत खुपसून ठेवला. पहिल्या दिवशी दुपारी ३८ दाखवले, पळत जाऊन ट्रे हातभर मागं सरकवला. मग पहाटे सहाला २५-२६, संध्याकाळी पेटवल्यावर २९. लादीवरचा पहाटे १८.

चौथ्या दिवशी पान उचललं तर ढोबळीचे दोन बाक. आज दहाव्या दिवशी बारांतले नऊ. लादीवर आत्ता कुठं दोन दिसतायत. टोमॅटो दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, भाणाकडचे चार दिवस आधी एवढंच. खोलाचे बारांतले तीन आले, लादीवर शून्य. नणंदेला फोन करून विचारलं तर बी मागच्याच्या मागच्या वर्षीचं, आणि होय काका, प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, गॅसच्या वरच्या फळीवर.

पहिले बाक दिसल्याबरोबर ते खळगे कापून पूर्वेच्या खिडकीत नेले. धुराचा थर बसतो पानांवर थोडा, ओल्या फडक्यानं टिपून घेतला.

नुकसान एकच. दोन टोमॅटो उंदरानं खाल्ले. केळीच्या पानाखाली ऊब, अंधार आणि कोवळा पाला, त्याला लॉजच मिळालं.

बिबीची_नात
आजीकडे मांजर होतं ना, म्हणूनच!

सत्तरीची_परसबाग
तेच. सासूबाई म्हणतात मांजर आणू, नवरा म्हणतो चटई परवडली. आणि काल बघते तर त्याच कट्ट्यावर ह्यांची मटकीची पुरचुंडी. विचारलं तर म्हणे तुझ्या ट्रेशेजारी जागा होती.

कोंबडीवाला_फोंडा
फोटो टाका ताई. आणि पणजीकर, तुमच्या लेट्यूसचं काय झालं?

टेरेसवाला_पणजी
तिसऱ्या दिवशी बायकोनं फ्रीज साफ केला. ओला टिश्यू कुजकट दिसला म्हणून टाकून दिला. म्हणाली कसलातरी कचरा होता, बारीक पांढऱ्या शेपट्या फुटलेला.